राखीव लेखनिक

महाप्यातल्या ज्या कंपनीत प्रितम तांबे सात वर्षं नोकरी करत होता, तिथे दर डिसेंबरला एका कर्मचाऱ्याचा सत्कार व्हायचा. कामासाठी नाही, समाजकार्यासाठी. यंदा एचआरच्या मॅडमनी त्याचंच नाव काढलं. जुन्या फायली चाळताना त्यांना त्याचा बायोडेटा सापडला होता आणि त्यात अगदी शेवटी एक ओळ होती: अंध विद्यार्थ्यांसाठी वाचन आणि लेखनिक गट, नेरूळ, संस्थापक सदस्य.

"सर, तुम्ही कधी बोललाच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "किती छान काम आहे. 'माझं स्वप्न' या विषयावर पाच मिनिटं बोला. आणि एक फोटो लागेल. तुम्ही ज्यांना मदत केलीत त्यांच्यापैकी कुणाबरोबर तरी."

"बघतो," प्रितम म्हणाला.

खरं तर तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की तो गट बंद पडून सात वर्षं झाली, आणि बंद पडला तो त्याच्यामुळेच. पण मॅडमच्या टेबलाशी आणखी दोघंजण उभे होते, कौतुकाने त्याच्याकडे बघत होते. ते कौतुक परत करायला जेवढा धीर लागतो तेवढा त्याला त्या क्षणी झाला नाही. 

रविवारी सकाळी तो भाषण लिहायला बसला. सुरुवात भराभर झाली, कारण ती खरीच होती.

बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होता तेव्हाची गोष्ट. मार्कशीटची दुसरी प्रत घ्यायला तो कॉलेजात गेला होता. नोटीस बोर्डापाशी पांढरी काठी घेतलेली एक मुलगी उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "यावर काय लिहिलंय, जरा वाचून दाखवता का?" पोरं घाईत होती. प्रितमने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आणि खाली बारीक अक्षरात काय आहे?" खाली लिहिलं होतं की अर्जाची मुदत आजच संपते आहे. दोघं धावतपळत ऑफिसात गेले आणि खिडकी बंद व्हायच्या आत अर्ज दिला.

ती मनस्वी. करावे गावची. आई शिरवण्याच्या बाजारात मासे विकायची, वडील नव्हते. मनस्वी एम.ए. करत होती, समाजशास्त्र घेऊन, आणि तिला कॉलेजात शिकवायचं होतं. अभ्यासाची निम्मी पुस्तकं तिला कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय मिळतच नव्हती.

तिथून प्रितमच्या डोक्यात ते बसलं. त्याने आणि त्याच्या मित्राने, ऋषीने, गट काढला. अकरा वाचणारे जमवले. पुस्तकं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायची, परीक्षेला लेखनिक म्हणून बसायचं, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते त्याच्या पेपरात लिहायचं. नवी मुंबईतल्या एकाही अंध विद्यार्थ्याचं पुस्तक वाचणाऱ्यावाचून अडू नये, हे त्याचं स्वप्न होतं, आणि ते तो भेटेल त्याला सांगायचा. त्या दोन वर्षांत तो जितका नीट झोपला तितका पुढे कधी झोपला नाही.

इथपर्यंत लिहून झालं आणि पेन थांबलं. दीक्षाने, त्याच्या बायकोने, चहा ठेवताना कागद उचलून वाचला.

"ही मनस्वी कोण? लग्नाला पाच वर्षं झाली, तू कधी नाव नाही घेतलंस."

"जुनी ओळख."

"पुढे काय झालं तिचं?"

प्रितमने कप हातात घेतला, परत खाली ठेवला. मग त्याने दीक्षाला सांगितलं. कुणालाही हे सगळं सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्राध्यापक व्हायला जी पात्रता परीक्षा द्यावी लागते, ती तेव्हा वर्षातून एकदाच व्हायची. मनस्वीने फॉर्म भरला आणि लेखनिक म्हणून प्रितमचं नाव दिलं. त्याचा फोटो, ओळखपत्र, सही, सगळं केंद्रावर आधीच जमा झालं होतं. दोन महिने दोघांनी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या होत्या. ती किती वेळ विचार करते, कधी पुढे चल म्हणते, कधी पुन्हा वाच म्हणते, हे त्याला तिच्या नुसत्या श्वासावरून कळायला लागलं होतं.

परीक्षा रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी महाप्याच्या याच कंपनीतून फोन आला: उद्या सकाळी दहाला मुलाखत, तारीख बदलून मिळणार नाही. दोन वर्षांहून जास्त काळ तो नोकरी शोधत होता. वडील, शिवराम, रिटायर होऊन घरी बसले होते आणि रोज संध्याकाळी काही न बोलता त्याच्याकडे बघत.

तेव्हाच मनस्वीला फोन केला असता तर रात्रभरात काहीतरी झालं असतं. केंद्रप्रमुखांना गाठता आलं असतं, दुसऱ्याची कागदपत्रं देता आली असती. त्याने तिला फोन केला नाही. ऋषीला केला आणि माझ्या जागी तू जा म्हणाला.

"फॉर्मवर फोटो तुझा आहे ना?" ऋषी म्हणाला.

"रिक्वेस्ट कर रे. ऐकतील."

सकाळी आठला त्याने मनस्वीला मेसेज पाठवला: खूप ताप आहे, उभंही राहवत नाही, ऋषी येतोय. आणि फोन बंद करून टाकला. मुलाखतीत वाजू नये म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. मुलाखत दहाला होती. फोन त्याने आठ वाजून दोन मिनिटांनी बंद केला होता.

ऋषीला आत सोडलं नाही. केंद्रावरच्या लोकांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्याकडच्या कागदावर दुसऱ्याचा चेहरा होता. मनस्वीला आत बसू दिलं, प्रश्नपत्रिका समोर ठेवली. अर्धा तास ती त्या कागदावर हात ठेवून बसून राहिली. मग उपस्थितीच्या रकान्यात अंगठा उमटवून बाहेर आली. त्या दिवसानंतर प्रितम गटाकडे फिरकला नाही, आणि गट बंद पडला.

"आणि तिला अजून वाटतंय की तुला ताप होता," दीक्षा म्हणाली.

"एवढंच नाही." प्रितमचा आवाज खाली गेला. "दुसऱ्या दिवशी तिची आई आली. शकुबाई. त्या दिवशी धंद्यावर नाही गेली. करावेहून चालत आमच्या बिल्डिंगपर्यंत डबा घेऊन आली, बोयट माशांचं पातळ कालवण आणि तांदळाची भाकरी. आजाऱ्याच्या तोंडाला चव येते म्हणाली. मी पांघरूण घेऊन पडून राहिलो. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, आराम कर म्हणाली आणि गेली. तासाभरापूर्वीच मला सिलेक्शनचा फोन आला होता. मी तो डबा खाल्ला, दीक्षा. सगळा."

दीक्षाने कागद घडी घालून टेबलावर ठेवला. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"फोटो काढायला जाणार आहेस की सांगायला?" तिने विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही नाही होत, प्रितम."

पुढच्या शनिवारी तो करावे गावात गेला. घर तेच होतं, वर एक मजला चढला होता आणि खाली भाड्याने मोबाइलचं दुकान आलं होतं. दाराशी शकुबाई बसली होती. गुडघे गेल्यामुळे तिने बाजार सोडला होता.

"कोन हाय?" तिने डोळ्यांवर हात धरला.

"मावशी, मी प्रितम. नेरूळचा."

"प्रितम." तिने हात खाली घेतला. "तो लिवनारा. ये, घरान ये."

मनस्वी आत लॅपटॉपवर काहीतरी ऐकत होती. त्याचा आवाज ऐकून तिने मशीन बंद केलं. चेहरा थोडा भरला होता, कानाशी दोन-चार केस पांढरे झाले होते. "बस," ती म्हणाली, जणू तो काल येऊन गेला होता.

तो बसला. वाटेत बसमध्ये त्याने वाक्यं जुळवली होती, ती सगळी विस्कटली.

"मनस्वी, मला त्या दिवशी ताप नव्हता."

"माहीत आहे."

"ऋषीने सांगितलं?"

"ऋषीने नंतर सांगितलं. आधी आईने."

प्रितमने दाराकडे पाहिलं. शकुबाई उंबऱ्यावरून न वळता म्हणाली, "मी तुज्या कपालाला हात लावला व्हता. गार व्हतं. ताप उतारला आसंल म्हनलं मी सोताला. पन तू माज्याकं बगतच नव्हतास."

"मग काही बोलला का नाहीत मावशी?"

"काय बोलनार? भरला डबा परत नेनार व्हते?"

तो मान खाली घालून बसला. सात वर्षं त्याला वाटत होतं की आपण एक खोटं लपवून ठेवलं आहे. ते लपलेलं नव्हतंच. त्याला फक्त कुणी बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते त्याला जास्त जड गेलं.

"नुकसान किती झालं ते विचारायचं असेल तर विचार," मनस्वी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. वर्गात मुद्दा समजावून सांगावा तशी ती बोलत होती. "त्या वर्षी कॉलेजात एक जागा होती. दिव्यांगांसाठी राखीव. मी पुढच्या वर्षी परीक्षा पास झाले, तोवर ती भरली. त्यानंतर निघालीच नाही. मी तिथेच शिकवते, पण तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे. मे महिन्यात घरी."

"हे माझ्यामुळे..."

"तसं मी नाही म्हणत. त्या दिवशी मी पास झाले असते की नाही, कुणाला माहीत? पण ते मला आता कधीच कळणार नाही. ते न कळणं तेवढं तुझ्यामुळे आहे."

शकुबाईने चहा आणून दिला. मनस्वीने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "आज का आलास? सात वर्षांनी?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आठवण आली, राहवलं नाही, असं काहीतरी म्हणता आलं असतं. त्याने सत्काराचं सांगितलं. भाषणाचं सांगितलं, फोटोचं सांगितलं.

"म्हणजे त्यांनी नाव काढलं नसतं तर आला नसतास."

"नसतो आलो," प्रितम म्हणाला.

मनस्वी हसली. "हे एक खरं बोललास. फोटो नाही देणार मी."

"मागत नाहीये. पण पुढे कुणाला लेखनिक लागला तर मला सांग. सुट्टी टाकून येईन."

"तू नको."

"मनू, घरी आलेल्याला आसं तोंडावर नको म्हनू," शकुबाई म्हणाली.

"आई, परीक्षा माझी असती तर एक वेळ गोष्ट वेगळी. ती कुठल्यातरी मुलीची असणार. याला माफ करायचं तर ते मी करीन. तिच्या पेपरवर कशाला करू?"

शकुबाईने चहाचे कप उचलले. प्रितम उठला तेव्हा मनस्वीने टेबलावरच्या पुस्तकांवरून हात फिरवला आणि एक जाड पुस्तक बाजूला काढलं. सामाजिक संशोधनाच्या पद्धती, चारशे पानांचं. "माझी एक विद्यार्थिनी आहे, सोनम. तिला हे लागतं आणि हे कुणी वाचत नाही, कारण कंटाळवाणं आहे. वाचायचं असेल तर वाच. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वाचता येतं, म्हणून देतेय."

सोमवारी त्याने मॅडमना सांगितलं की गट बंद आहे, तोही त्याच्याच चुकीने, आणि सत्कार घेणं बरोबर नाही. मॅडम जरा नाराज झाल्या. "अहो सर, एवढं कोण बघतं? प्रोफाइल छान झालं असतं." सत्कार मग इंद्रजित नावाच्या एकाचा झाला. त्याने खारघरच्या टेकडीवर झाडं लावली होती. प्रितमने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आपण काहीतरी सोडलं असं त्याला वाटेना. जे आपलं नव्हतं ते घेतलं नाही, एवढंच.

तो रोज पहाटे उठून वाचायला लागला. दीक्षाने कुकर साडेसातनंतर लावायचं ठरवलं, म्हणजे शिट्टी रेकॉर्ड होणार नाही. रेकॉर्डिंग तो सोनमला पाठवायचा. ती तुर्भ्याला राहायची. त्याने तिला पाहिलं नव्हतं, पण तिचे व्हॉइस मेसेज यायचे आणि त्यात ओशाळं होऊन बोलणं वगैरे काही नसायचं. "सर, पान एकशे बारावरची तळटीप तुम्ही वाचली नाहीत." "सर, तक्ता वाचताना रकान्यांची नावं आधी सांगा ना, नाहीतर आकडे कशाचे ते समजत नाही." तळटीप त्याने मुद्दामच गाळली होती, तिला काय करायची आहे असा विचार करून. त्याने ते पान पुन्हा वाचलं.

अर्धं पुस्तक संपलं त्या सकाळी त्याला फार हलकं वाटलं. त्या भरात त्याने मनस्वीला मेसेज केला, "आता मला खूप बरं वाटतंय." तिचं उत्तर दुपारी व्हॉइस मेसेजमध्ये आलं. "तुला बरं वाटावं म्हणून सोनम अभ्यास करत नाहीये." तो ते वाक्य कॅन्टीनमध्ये तीन-चारदा ऐकत बसला. मनस्वी चिडली नव्हती. तिचं म्हणणं बरोबर होतं. पहाटे उठणं, पानं वाचणं, हे सगळं आपण कुणासाठी करतो आहोत हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्या मागे लागला. रेकॉर्डिंग मात्र त्याने थांबवलं नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबलो तर सोनमची उरलेली दोनशे पानं राहतील, एवढं त्याला कळत होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला मनस्वीचाच फोन आला. ती सरळ मुद्द्यावर आली.

"सोनमच्या एम.ए.चे चार पेपर आहेत. लेखनिक ठरलाय, जयप्रकाश म्हणून आहे, पक्का आहे. पण मला एक राखीव माणूस पाहिजे. कॉलेज दोघांचे फॉर्म भरून घेतंय. फोटो, ओळखपत्र, सगळं. यायचं, बाहेर बसायचं. बहुतेक तुझी गरज लागणार नाही."

"चारही दिवस?"

"चारही."

पहिला पेपर मंगळवारी होता. त्याच दिवशी ऑफिसात क्लायंटबरोबर मीटिंग होती. साहेबांनी विचारलं, "घरी काही इमर्जन्सी?" "नाही सर," प्रितम म्हणाला, "एका परीक्षेला राखीव लेखनिक म्हणून बसायचं आहे." साहेबांना ते नीटसं कळलं नाही, पण रजा मिळाली.

तो नऊच्या आधीच पोचला. मनस्वी आली होती. सोनम तिच्याबरोबर होती, बारीक अंगाची, पाठीवर मोठी बॅग, ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत. तिला कुणाशीच बोलायचं नव्हतं, म्हणून प्रितम लांबच उभा राहिला. सव्वानऊ झाले, नऊ वीस झाले. जयप्रकाश आला नव्हता. प्रितमने खिशातलं ओळखपत्र चाचपलं. त्याने पुस्तक अख्खं वाचलं होतं, प्रकरणं त्याला पाठ झाली होती. आपण आत जाऊ, ती सांगेल ते शब्दन् शब्द लिहू, पेपर संपला की बाहेर येऊ, आणि मनस्वी दाराशी असेल.

नऊ पंचवीसला जयप्रकाश गेटमधून आला. खिशाला दोन पेनं, हातात पाण्याची बाटली. त्याने उशीर केला नव्हता, साडेनऊचीच वेळ ठरली होती.

त्याला पाहून प्रितमची निराशा झाली, आणि ते त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं. म्हणजे इतका वेळ तो मनातून जयप्रकाशने येऊ नये असं म्हणत होता. त्या मुलीच्या पेपरच्या दिवशी, तिचा लेखनिक येऊ नये. आपल्याला तिथे बसता यावं म्हणून. आता काय बदललं आपल्यात, असं त्याला वाटलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या मनस्वीकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

सोनम आणि जयप्रकाश आत गेले. दार लागलं.

"मी थांबू ना?" त्याने विचारलं. 

"थांब. मध्येच त्याला चक्कर आली, काही झालं तर?"

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मघाशी मला वाटत होतं की तो येऊ नये."

मनस्वीने मान त्याच्या दिशेला वळवली. "मला पण वाटलं तुला तसं वाटत असेल," ती म्हणाली. "पायांची चुळबुळ ऐकू येत होती. बस आता. बाकावर सावली असेल तिकडे."

ती तिच्या तासाला निघून गेली. तो बाकावर बसला. पेपर तीन तासांचा, वर अंध विद्यार्थ्यांना मिळणारा एक तास. गरम वारा सुटला होता. शिपायाने एक कागद आणला आणि सही घेतली; नावापुढे लिहिलं होतं, राखीव लेखनिक, हजर. बाराच्या सुमाराला त्याला भूक लागली, पण कोपऱ्यावर वडापाव खायला गेलो आणि तेवढ्यात आतून कुणी हाक मारली तर, म्हणून तो उठला नाही. कुणी हाक मारली नाही.

दोन वाजता दार उघडलं. सोनम आणि जयप्रकाश चौथ्या प्रश्नावरून वाद घालतच बाहेर आले. मनस्वीही तास संपवून आली होती.

"सोनम, हे प्रितम. राखीव होते आज."

"नमस्कार," प्रितम म्हणाला.

सोनम थांबली. "अरे, तुम्ही होय. सर, पाचव्या प्रकरणात तुमचा घसा बसला होता का? मला डबल स्पीडवर काहीच समजेना. परत कराल?"

"करतो."

"शुक्रवारच्या आत मिळालं तर बरं. चौथ्या पेपरला आहे ते." आणि ती जयप्रकाशचा हात धरून पायऱ्या उतरायला लागली, तिचं चौथ्या प्रश्नाचं अजून संपलं नव्हतं.

गुरुवारी जयप्रकाश वेळेवर आला. शनिवारी आला. चौथ्या पेपरलाही आला. चारही दिवस प्रितमने बाहेर बसून सही केली आणि एक ओळसुद्धा लिहिली नाही. पुढच्या सत्रासाठी मनस्वीने सहा विद्यार्थ्यांची यादी केली आणि त्यातल्या दोघांना राखीव म्हणून त्याचं नाव दिलं. मुख्य लेखनिकाच्या रकान्यात कधी येणार, हे त्याने तिला विचारलं नाही. त्याने तारखा लिहून घेतल्या.